सगळ्यांना पाऊण तास

पंधराव्या फेऱ्याला चावी अडली नाही. एवढंच झालं. कुणी मेलं नाही, कुठे आग लागली नाही, रस्त्याने जाणाऱ्या माणसाला तर काही घडलं हे कळलंही नसतं. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकण उघडं, खाली कमरेएवढा खड्डा, खड्ड्यात पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह, आणि वर पाय फाकवून उभा असलेला चावीवाला. हातात त्याच्या छातीला लागणारी, टी आकाराची लोखंडी चावी. शेजारी पाणी खात्यात नवीन लागलेली इंजिनीअर पोरगी दाब मोजायचं गेज पाइपाला लावून उकिडवी बसली होती. "झाले चौदा," तो म्हणाला. ती काट्यावरची नजर न काढता म्हणाली, "फिरवा की अजून, काका." "याचे चौदाच असतात, मॅडम." "कुणी सांगितलं? फिरवून तर बघा." पोरीची जिरवावी म्हणूनच त्याने दांडीवर जोर दिला. चावी अडेल, हाताला झटका बसेल, आणि मग तो काही न बोलता तिच्याकडे बघेल, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं. चावी फिरली. ग्रीस घातलेल्या बिजागरीसारखी बिनआवाज फिरली. सोळा. सतरा. अठराव्याला त्याच्या कानामागे घाम आला. सव्वीसाव्याला खाली टक् झालं आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. "अर्धाच उघडत होतात की हो तुम्ही!" पोरगी हसत म्हणाली आणि वहीत लिहू लागली. तिला त्यात काही वाटलं नाही. तिच्या दृष्टीने एक आकडा सापडला होता. तेवढ्यात उताराखालून, खालच्या वस्तीतून आवाज आला. आधी नळांचा फुसकारा, मग भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय, आणि मग एक बाई हसली. मोठ्याने, न आवरता, कुणी गुदगुल्या केल्यावर हसतं तसं. नळाला पाणी जोरात आलं म्हणून माणूस असं हसतं हे त्याला पंचवीस वर्षांच्या नोकरीत माहीत नव्हतं.

पहिला राग आला तो त्या पोरीचा. कालची आलेली, अजून बुटांना चिखल लागायचाय, आणि काका काका करून माणसाच्या आयुष्यात हात घालते. दुसरा राग व्हॉल्व्हचा. इतकी वर्षं न उघडलेलं लोखंड गंजायला हवं होतं, अडायला हवं होतं. दर वर्षी देखभालवाले येऊन ग्रीस भरून जायचे, भडवे तेही कधी बोलले नाहीत. सायकल हातात धरून तो घरी निघाला आणि वाटेत दोन माणसांनी त्याला नेहमीसारखं "काय, वेळेवर का?" म्हणून विचारलं. हा त्याच्यावरचा जुना विनोद होता. लोक त्याच्या फेरीवर घड्याळं लावत. वरची वसाहत, मधली गल्ली, खालची वस्ती: तीन व्हॉल्व्ह, तीन झाकणं, प्रत्येकाला पाऊण तास. ना मिनिट जास्त, ना मिनिट कमी. कुणाकडे लग्न असो नाहीतर मयत असो. त्याच्या स्वतःच्या सासूने एकदा घरात पाहुणे आहेत म्हणून दहा मिनिटं मागितली होती, तर हा म्हणाला होता, "पाहुण्यांना सांगा, तोंड आटोपशीर धुवा." सासू वारेपर्यंत त्याच्याशी नीट बोलली नाही आणि त्याला त्याचा अभिमान होता. वसाहतीतल्या कुणाचा चहा त्याने घेतला नाही, वस्तीतल्या कुणाची शिवी मनाला लावून घेतली नाही. दोन्ही सारखंच, असं तो म्हणायचा. माणसाकडे शेत असतं, दुकान असतं, रूप असतं. याच्याकडे हे होतं. सगळ्यांना पाऊण तास. आता सायकल ढकलताना त्याच्या लक्षात येत होतं की घड्याळ खरं बोलत होतं आणि तरी सगळं खोटं होतं. पाऊण तास अर्धी उघडलेली लाइन आणि पाऊण तास पूर्ण उघडलेली लाइन. त्याने वेळ सारखी वाटली होती. लोक वेळ पीत नाहीत.

चौदा हा आकडा त्याचा नव्हताच. तो त्याला वस्तादाने दिला होता. आधीचा चावीवाला, सगळे त्याला वस्ताद म्हणत. हाताची बोटं दांडीवर राहून राहून वाकडी झालेली, तोंडात कायम काडी. पहिल्याच दिवशी त्याने शिकवलं होतं: "वरच्यांना सव्वीस, मधल्यांना वीस, खालच्यांना चौदा. पाणी उताराला पळतं, त्याला आवरावं लागतं. खालचा मोकळा सोडलास तर वरचे तहानेने मरतील." कुठे लिहिलेलं नव्हतं. व्हॉल्व्हवर आकडे नव्हते, कचेरीत कागद नव्हता. ते वस्तादाच्या हातात होतं, तिथून याच्या हातात आलं. पुढे हात इतका सरावला की त्याला मोजावंही लागत नसे. चौदाव्याला हात आपोआप थांबे, आणि हात थांबतो म्हणजे व्हॉल्व्ह संपला असंच त्याला वाटू लागलं. तेव्हा ते बरोबर होतं. हेच तर डोकं खात होतं. तेव्हा ते खरोखर बरोबर होतं. वरची वसाहत चढावर, तिथे पाणी चढत नव्हतं, म्हाताऱ्या बायका बादल्या घेऊन खाली यायच्या. खालच्यांचं थोडं अडवून वरच्यांना पोचवणं यात कुणावर अन्याय नव्हता. मग एकोणीस वर्षांपूर्वी चढावर पंप बसला. पंपाच्या खोलीला हिरवा रंग दिला होता, तो उद्घाटनाच्या वेळी अजून ओला होता, साहेबाच्या बाहीला लागला म्हणून सगळे हसले होते. हा मागे उभा होता. याने टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवसापासून वरच्यांना पाणी खालच्यांच्या उपकारावर मिळायचं बंद झालं, पंप घुं घुं करून ओढून नेऊ लागला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खालचा व्हॉल्व्ह चौदा फेरे उघडला. पंपाचा आवाज कानात, दांडी हातात, आणि डोक्यात या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहणाऱ्या पण एकमेकांशी न बोलणाऱ्या भाडेकरूंसारख्या. एकोणीस वर्षं. ज्या कारणासाठी वाकडं केलं ते कारण गेलं, वाकडं तेवढं राहिलं.

बायकोला त्याने जेवताना सांगितलं. ती वाढता वाढता थांबली नाही. "मग?" "मग काय मग? अर्धंच पाणी दिलं मी त्यांना." "तुम्ही दिलंत? खात्याने दिलं." "हात माझा होता." "हात तुमचा, पगार खात्याचा. हात काय घरून नेला होतात?" ती समोर बसली आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघू लागली, जशी ती ताप आलेल्या माणसाकडे बघते. "आता काय करणार?" "उद्यापासून सव्वीस." "आणि आपल्या मधल्या गल्लीला?" टाकीत पाणी तेवढंच होतं. एकाचं वाढलं की दुसऱ्याचं घटणार, हे सांगायला इंजिनीअर लागत नव्हता. "म्हणजे आपल्या नळाला वारा येणार," ती म्हणाली. "छान. सासरी आल्यापासून तुमच्या न्यायाचं ऐकतेय. आपल्या पोरीची परीक्षा होती, तिला स्टेशनवर सोडायला आला नाहीत, पाऊण तास चालू होता म्हणून. माझा बाप गेला तेव्हा दुपारी उगवलात. लोकांना वाटलं काय माणूस आहे. मला विचारा काय माणूस आहे." त्याला वाटलं की ताट भिरकावावं. भिरकावलं नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती, आणि खरं बोलणाऱ्या माणसावर हात उगारण्याएवढा तो अजून घसरला नव्हता. किंवा घसरला होता आणि त्याला आत्ताच कळत होतं.

त्याला लहानपणचा पेला आठवला. घरात तीन भावंडं आणि दूध थोडं. आई तीन पेले ओळीने मांडायची, आणि हा सगळ्यात मोठा, जमिनीला गाल टेकवून तिन्ही पेल्यांची रेघ बघायचा. बोट लावून बघायचा. एकदा धाकटी आजारातून उठली होती, हाडं वर आलेली, आईने तिच्या पेल्यात बोटभर जास्त ओतलं. याने आकाशपाताळ एक केलं. सारखं पाहिजे, सारखं म्हणजे सारखं! आई म्हणाली, अरे ती आजारी होती. हा म्हणाला, मी काय तिला आजारी पाडलं? शेवटी कंटाळून आईने धाकटीच्या पेल्यातलं काढून इतर दोघांत घातलं. धाकटीने पेला दोन्ही हातांनी धरला आणि कडेवरून त्याच्याकडे बघत हळूहळू प्यायली. त्या वेळी आपण जिंकलो असं त्याला वाटलं होतं. जो मोजतो तो बरोबर, असं त्याने तिथेच जमिनीला गाल लावून शिकून घेतलं, आणि पुढे खात्याने त्याला याच कामाचा पगार दिला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. साहेबांच्या टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या नातवाचा फोटो, आणि काचेवर टाइप केलेला एक कागद. "बसा," साहेब म्हणाले, ते कधी बसा म्हणत नसत. गुरुवारी दुपारी खालच्या वस्तीतले लोक कचेरीच्या हॉलमध्ये येणार होते. पोरीने गेज लावलं त्या सकाळी पाणी धो धो आलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. मग लोक विचारणारच की काल कुठून आलं आणि इतकी वर्षं कुठे होतं. "साधी गोष्ट आहे. व्हॉल्व्ह गंजून चौदा फेऱ्यांवर अडकलेला होता. सर्व्हेच्या वेळी जोर लावल्यावर सुटला. तुम्ही सही करा, मी वाचून दाखवतो, विषय संपला. पुढच्या महिन्यापासून नवीन वाटप करू." "गंजला नव्हता साहेब." "गंजला होता." "मी स्वतः फिरवला." "म्हणजेच सुटला. तेच लिहिलंय." साहेब हसले. "तुमच्यासाठीच करतोय हो. चार वर्षं राहिलीत तुमची. उगाच चौकशी, निलंबन, कशाला? लोखंडाला कुणी निलंबित करत नाही." हा विनोद त्यांना इतका आवडला की त्यांनी तो बाहेरच्या कारकुनाला हाक मारून पुन्हा सांगितला. कागद घडी करून त्याने खिशात घातला. सही गुरुवारी करतो म्हणाला. साहेबांचा चेहरा जरा उतरला, पण त्यांना खात्री होती. त्याला आयुष्यात कुणी कागदाला नाही म्हणताना बघितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी वरच्या वसाहतीच्या व्हॉल्व्हपाशी प्राध्यापक भेटले. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, रोज सकाळी रबरी नळी घेऊन हिरवळीवर पाणी मारत उभे, आणि याला ते "न्यायाधीश" म्हणून हाक मारत. पंधरा वर्षं झाली, व्हॉल्व्ह उघडला की दोघं कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून बोलत. समाज म्हणजे काय, नियम का पाळायचे, ज्याचं त्याला देणं म्हणजे न्याय, असलं बरंच याने तिथे उभ्याने ऐकलं होतं आणि घरी येऊन बायकोला ऐकवलं होतं. आज यानेच विचारलं. सगळं सांगितलं, पंप, वस्ताद, चौदा. प्राध्यापक लक्ष देऊन ऐकत होते, नळीतलं पाणी एकाच वाफ्यावर पडत राहिलं आणि तिथे डबकं झालं. "हे बघा," ते शेवटी म्हणाले, "अन्याय व्हायला अन्याय करणारा लागतो. तुमच्या मनात कुणाचं वाईट नव्हतं, वस्तादाच्या नव्हतं, खात्याच्याही नसेल. मग त्याला दुर्दैव म्हणायचं. भूकंपाला आपण अन्यायी म्हणतो का?" "भूकंप रोज सकाळी सायकलवरून येत नाही, सर." प्राध्यापक जरा दचकले. "तुम्ही चिडलात." "तुम्हीच सांगितलं होतं, ज्याचं त्याला. ज्याचं म्हणजे कुणाचं किती, हे आधी ठरवलं कुणी? वस्तादाने. त्याला कुणी? मग त्यावर मी घड्याळ लावून बसलो आणि तुम्ही मला न्यायाधीश म्हणालात." "अहो, पण बदल एकदम करू नये. लोकांच्या सवयी असतात, अपेक्षा असतात. माझंच घ्या, ही हिरवळ, आता एकदम पाणी तोडलं तर..." बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण ते थांबले आणि नळीकडे बघू लागले. पण नळी बंद केली नाही. चावीवाल्याला त्या क्षणी त्या माणसाचा असा तिरस्कार वाटला की तो स्वतःच घाबरला. पंधरा वर्षं याने या माणसाला देव मानलं होतं. हा माणूस पंधरा वर्षं याच्याशी न्यायावर बोलत होता आणि दुसऱ्याच्या पाण्यात उभा होता. आणि ते पाणी आणून देणारा कुंपणाच्या या बाजूला माना डोलावत होता.

परत येताना त्याला वस्ताद आठवला, निवृत्त झाल्यावरचा. पंप बसून वर्षभर झालं असेल. म्हातारा काठी टेकत व्हॉल्व्हपाशी आला, काडी तोंडात, आणि म्हणाला, "खालच्यांना चौदाच देतोस ना रे अजून?" याने छाती फुगवून सांगितलं, "चौदाच, वस्ताद. एक इकडचा तिकडे नाही." वस्ताद त्याच्याकडे बघत राहिला. चढावर पंप चालू होता. मग म्हाताऱ्याने काडी थुंकली आणि गेला. ते बघणं इतकी वर्षं याने शाबासकी म्हणून जपून ठेवलं होतं. आता ते बघणं तो उलटंपालटं करून तपासत होता. म्हाताऱ्याला कळलं होतं का? विचारायला आला होता, की सांगायला? आणि सांगितलं का नाही? याच्या फुगलेल्या छातीकडे बघून नाही सांगितलं? हरामखोर म्हातारा. आता मेलेला, विचारणार कुणाला? मेलेली माणसं सुटतात, जिवंत माणसाच्या हातात चावी देऊन सुटतात. आणि मग त्याला वाटलं, हेच तर आपण करतोय. वस्ताद, खातं, देखभालवाले, साहेब, पंप. दोष वाटायला बसलोय. सगळ्यांना सारखा.

कारण असं एक माणूस होतं, ज्याच्याबद्दल त्याने तीन दिवस विचार केला नव्हता. केला नव्हता म्हणजे तो विचार आला की हा दुसऱ्या कुणाला तरी शिव्या घालू लागायचा. खालच्या वस्तीतली शिंपीण. दारात मशीन टाकून बसणारी, फाटक्या तोंडाची, लोक तिच्याकडून कपडे शिवून घेत आणि तिच्या बोलण्याला भीत. सतरा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा व्हॉल्व्हपाशी आली, हातात अर्ज. "आम्हाला पाणी कमी येतं." याने घड्याळ दाखवलं. "बघा बाई, पाऊण तास. वरच्यांनाही पाऊण तास." "घड्याळ नको दाखवू दादा, बादली बघ. दोन भरतात, तिसरीला नळ थुंकतो." "मी वेळ देतो. बादल्या मोजत नाही." तिने अर्ज त्याच्या हातात दिला, खात्यात द्यायला. त्याने दिला. नियमाप्रमाणे त्यावर चावीवाल्याचा शेरा लागतो, तो त्याने लिहिला: वेळेनुसार पाणी दिले आहे. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. अकरा अर्ज, अकरा शेरे, सगळे त्याच्या वळणदार अक्षरात, कारण अक्षराचाही त्याला अभिमान होता. मग ती यायची बंद झाली. मधे कधीतरी ती त्याला रस्त्यात दिसली होती, पार मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाच्या नळावरून दोन कॅन भरून आणताना. कॅन डाव्या हातात, कारण उजवा खांदा गेला होता. मशीन आता सून चालवते असं कुणीतरी म्हणालं होतं. त्याने सायकल दुसऱ्या बाजूने घेतली होती. का घेतली होती? चूक केली नव्हती तर दुसऱ्या बाजूने का? या प्रश्नाशी तो येऊन थांबायचा आणि तिथून त्याला पुढे जाता येत नसे.

गुरुवारी हॉल भरला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर एक पंखा, तो एका बाजूने फिरताना टकटक करणारा. साहेब टेबलामागे, शेजारी इंजिनीअर पोरगी वही मिटून बसलेली. तिला बोलायचं नाही असं सांगितलेलं दिसत होतं. शिंपीण पहिल्या रांगेत, उजवा हात मांडीवर ठेवलेला, एखादी वस्तू ठेवावी तसा. साहेबांनी सुरुवात केली, दिलगिरी, तांत्रिक बिघाड, जुनी यंत्रणा. मग म्हणाले, "आमचे कर्मचारी स्वतः सांगतील," आणि पेन पुढे केलं. चावीवाल्याने खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. त्याला वाटलं होतं की छाती धडधडेल. उलट त्याला सगळ्यांचाच कंटाळा आला होता, सगळ्यात जास्त स्वतःच्या आवाजाचा. "व्हॉल्व्ह अडकला नव्हता," तो म्हणाला. "मी थांबत होतो. तो सव्वीस फेरे उघडतो. मी चौदा उघडत होतो. वरच्यांना सव्वीस देत होतो."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "काय बोलतोय हा?" साहेब उठले. "काकांना बरं नाहीये. दोन दिवस झोप नाही त्यांना." "झोप झाली माझी," चावीवाला म्हणाला, "तीच तर झाली." हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. आयमायवरून शिव्या आल्या, एक माणूस पुढे धावला, त्याला दोघांनी धरलं. "वरच्यांनी किती चारलं रे तुला?" "काही नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं, आणि ते सांगताना त्याला लाज वाटली, खाल्लं असतं तर निदान कारण तरी असतं. शिंपीण उठली नव्हती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "गप्प बसा रे सगळे," आणि सगळे गप्प बसले. "का?" तिने त्याला विचारलं. त्याने वस्ताद, उतार, पंप, सगळं सांगितलं. तिने मधे तोंड घातलं नाही. त्याचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आता हलकं वाटत असेल तुम्हाला." त्याला खरंच हलकं वाटत होतं. "मला तुमचं ऐकून काय करायचंय? उद्या हे साहेब म्हणतील, माणूस आजारी होता, बरळला. लिहा." "लिहिण्याची काही गरज नाही बाई," साहेब म्हणाले. "तुम्ही बसा हो," ती म्हणाली, आणि साहेब बसले. ते बसले याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

ती टेबलाशी आली. टाइप केलेला कागद तिने डाव्या हाताने उलटा केला, कोरी बाजू वर. चावीवाला वाकून लिहू लागला. हॉलमध्ये पंख्याची टकटक. मी, पाणी खात्याचा चावीवाला, लिहून देतो की खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह एकोणीस वर्षे मी चुकून अर्धाच उघडत होतो. नेहमीसारखं सुंदर अक्षर आलं. तो सही करायला खाली सरकला.

"थांबा," ती म्हणाली. तिने बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"चुकून."

"ते काढा."

"पण ते खरंच चुकून होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला रडायला आल्यासारखं झालं. सगळं देऊन झालं होतं: पाणी, शिव्या, नोकरी बहुतेक, गल्लीतलं तोंड. एवढा एक शब्द राहिला होता, आणि बाकीचं सगळं त्याने त्या शब्दाच्या जोरावर दिलं होतं. "माझ्या मनात काही नव्हतं हो. शपथेवर सांगतो. मला माहीत नव्हतं."

"पहिली दोन वर्षं नसेल माहीत. ती सोडली मी तुम्हाला." ती शांतपणे बोलत होती, कापडाचं माप सांगावं तसं. "मग मी आले. तुमच्या हातात कागद दिला. बादली बघ म्हणाले. तुम्हाला वाकून व्हॉल्व्ह बघायचा होता की नाही? एकदा? अकरा वेळा आले. अकराव्या वेळेला तुम्ही माझ्या तोंडाकडेसुद्धा बघितलं नाहीत, घड्याळाकडे बघून लिहिलंत. माझ्यानंतरचं चुकून नाही."

"मी वाईट माणूस नाही," तो म्हणाला.

"असं मी कुठे म्हणाले? काढा."

इंजिनीअर पोरगी खाली बघत होती. साहेब त्याच्याकडे अशा आशेने बघत होते, की तो आता पेन फेकेल आणि सगळं मोडेल. त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग शोधला, राग असता तर त्याला धरून उभं राहता आलं असतं. राग नव्हता. ती फक्त वाट बघत होती, आणि वाट बघण्यात ती त्याच्यापेक्षा तयार होती. त्याने त्या शब्दावर एक आडवी रेघ मारली.

तिने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. "अजून वाचता येतंय," ती म्हणाली आणि कागद परत त्याच्यापुढे ठेवला.

तो खोडू लागला. उभं, आडवं, तिरकं, खाली काय होतं ते कुणालाच, त्यालाही, दिसेनासं होईपर्यंत.

"हं," ती म्हणाली. "आता सही."